पळून जायचं, पण परमिट काढून! अमेरिकेच्या डोंगरातलं ‘इलोपमेंट’ नेमकं होतं कसं?

इन्स्टाग्रामवर ती रील तुमच्याही समोर आली असेल. मागे बर्फाचे सुळके, खाली आरशासारखं तळं, अंगात पांढरा गाऊन आणि गाऊनखाली चक्क ट्रेकिंगचे बूट घातलेली मुलगी. समोर नवरदेव. वऱ्हाड नाही, बँड नाही, पंगत नाही. कॅप्शनमध्ये दोनच शब्द : ‘वुई इलोप्ड’.

डिक्शनरी उघडली तर इलोप म्हणजे पळून जाऊन लग्न करणं. आपल्याकडे हे शब्द कानावर पडले की वेगळंच चित्र डोळ्यासमोर येतं. रात्रीची एसटी, मित्राच्या खोलीवर काढलेले दोन दिवस, आळंदीला घाईघाईत उरकलेलं लग्न आणि घरचे शोधतील म्हणून बंद ठेवलेला मोबाईल. मग अमेरिकेतली माणसं वर्षभर आधी तारीख ठरवून, फोटोग्राफर बुक करून आणि सरकारी खात्यात फी भरून ‘पळून’ कशी काय जातात?

हाच सगळा प्रकार समजून घेऊ. त्यासाठी एक पार्क पकडू : कोलोरॅडो राज्यातलं रॉकी माउंटन नॅशनल पार्क. कारण इथे लग्नाचा कायदाही भन्नाट आहे आणि डोंगरही.

आधी हा शब्द इथवर आला कसा?

१७५३ मध्ये इंग्लंडमध्ये लॉर्ड हार्डविक यांच्या नावाने ओळखला जाणारा विवाह कायदा झाला. २१ वर्षांखालच्या मुला-मुलींना लग्नासाठी पालकांची संमती लागू लागली. पण हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. मग काय, जोडपी घोडागाडीत बसायची आणि सीमा ओलांडून पहिल्याच गावात लग्न करायची. त्या गावाचं नाव ग्रेटना ग्रीन. तिथला लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लागल्याचं जाहीर करायचा. आजही तिथे ऐरणीसमोर लग्नं लागतात, फक्त आता मागे कुणाचे वडील बंदूक घेऊन येत नाहीत.

पुढे अमेरिकेत हीच जागा लास व्हेगासने घेतली. लायसन्स काढा आणि त्याच दिवशी बोहल्यावर चढा. पळून जाण्यातली भीती गेली, घाई तेवढी राहिली. अलीकडे, विशेषतः कोरोनाच्या काळात मोठे समारंभ बंद पडल्यावर, घाईही गेली. आता इलोपमेंट म्हणजे दोघांचं किंवा फार तर दहा-बारा जणांचं, निवडलेल्या जागी केलेलं छोटं लग्न. बऱ्याचदा आई-बाबांना माहीत असतं. कधी तर तेच सोबत असतात.

कागद दोन, खिडक्या दोन

नवख्या जोडप्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे उडतो. पार्कचं परमिट मिळालं म्हणजे लग्न कायदेशीर झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाहीये. पार्क केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचं असतं आणि ते तुम्हाला फक्त जागा वापरू देतं. लग्न कायदेशीर करणारं मॅरेज लायसन्स राज्याच्या कायद्यानुसार काउंटीच्या कारकुनाकडून, म्हणजे काउंटी क्लर्ककडून मिळतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा.

कोलोरॅडोत हे लायसन्स काढणं किती सोपं आहे ते पाहा. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग दोघांनी फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन क्लर्कच्या ऑफिसात जायचं. भारतीय पासपोर्ट चालतो. तिथलं रहिवासी असण्याची अट नाही, नागरिक असण्याचीही नाही. फी साधारण ३० डॉलर. वाट बघावी लागत नाही, लायसन्स तिथेच हातात मिळतं आणि त्याच दिवसापासून लागू होतं. मुदत ३५ दिवसांची. राज्यातल्या कुठल्याही काउंटीतून काढा, राज्यभर चालतं. पार्कच्या पूर्वेकडच्या एस्टेस पार्क या गावातच लॅरिमर काउंटीच्या क्लर्कचं ऑफिस आहे. त्यामुळे बहुतेक जोडपी तिथूनच कागद घेऊन थेट वर जातात. (गावाचं नाव एस्टेस पार्क आणि शेजारी नॅशनल पार्क. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा घोळ होतोच.)

खरी गंमत पुढे आहे. कोलोरॅडोत लग्न लावायला कुणी लागतच नाही. पाद्री नको, जज नको, साक्षीदारही नकोत. नवरा-बायको स्वतःच स्वतःचं लग्न लावू शकतात आणि लायसन्सवर लग्न लावणारे म्हणूनही दोघांनीच सही करायची. याला ‘सेल्फ सोलेम्नायझेशन’ म्हणतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातही याच्या जवळपास जाणारी सोय आहे. तिथे ती क्वेकर पंथामुळे आली. त्यांच्यात धर्मगुरू नसतो, मग लग्न लावणार कोण, असा प्रश्न होता. कोलोरॅडोत मात्र आज याचा सगळ्यात मोठा फायदा इलोप करणाऱ्यांना होतो. साक्षीदाराच्या रकान्याची सक्ती नसल्यामुळे तिथली जोडपी चक्क कुत्र्याच्या पंजाला शाई लावून त्याचा ठसा उमटवतात. कायद्याला फरक पडत नाही, कुत्रा मात्र रीलमध्ये येतो.

आता हे आपल्या विशेष विवाह कायद्याशेजारी ठेवून बघा. १९५४ च्या या कायद्याखाली जोडप्यापैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची. ती ऑफिसात लोकांना दिसेल अशी लावली जाते. त्यानंतर ३० दिवस कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. शेवटी तीन साक्षीदार. घरच्यांना न सांगता आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न करणाऱ्यांसाठी हे ३० दिवस म्हणजे काय असतं, ते वेगळं सांगायला नको. ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण आणि सुरक्षित निवारा देण्याबद्दल राज्यांना निर्देश दिले, ते उगाच नाही. तिकडे ‘इलोप’ हा पॅकेजचा शब्द झाला, इकडे तो अजूनही पोलीस स्टेशनचा शब्द आहे. रील बघताना हा फरक डोक्यात असलेला बरा.

अर्थात अख्खी अमेरिका कोलोरॅडोसारखी नाही. वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनिअर पार्क आहे. तिथे लायसन्स काढल्यावर तीन दिवस थांबावं लागतं आणि दोन साक्षीदार लागतात. गुरुवारी विमानाने उतरलात आणि शुक्रवारी लग्न, असं तिथे जमणार नाही. ग्रँड टीटन वायोमिंगमध्ये आहे. तिथे थांबावं लागत नाही, पण लग्न लावणारा माणूस आणि दोन साक्षीदार हवेत. योसेमिटी कॅलिफोर्नियात, म्हणजे नियम कॅलिफोर्नियाचे. सगळ्यात भारी केस यलोस्टोनची. हे पार्क वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलंय. म्हणून लायसन्स ज्या राज्याचं, त्याच राज्याच्या हद्दीत उभं राहून लग्न करावं लागतं. पार्कचा बहुतेक भाग वायोमिंगमध्ये आहे. पण उत्तरेच्या दारातून शिरताना मोंटानाची हद्द असते, त्यामुळे फोटोसाठी जागा बदलताना कधी राज्य बदललं ते कळतही नाही.

मुहूर्त रेंजर देणार

दुसरा कागद पार्कचा. रॉकी माउंटन पार्कमध्ये लग्न करायचं तर ‘स्पेशल यूज परमिट’ लागतंच, मग तुम्ही दोघंच असा किंवा वीस जण. ‘आम्ही काय, दोन मिनिटं उभं राहून अंगठ्या घालणार आणि निघणार’ हे रेंजरसमोर चालत नाही. फी ३०० डॉलरच्या घरात आहे आणि तारीख रद्द केली म्हणून ती परत मिळत नाही. दर महिन्याला किती परमिटं द्यायची याची मर्यादा ठरलेली आहे. त्यामुळे सप्टेंबरचे शनिवार-रविवार कित्येक महिने आधीच संपतात. परमिटवर जागा, तारीख, वेळ आणि माणसांची संख्या लिहिलेली असते. गुरुजींनी काढलेला मुहूर्त बाजूला, इथे रेंजरने दिलेली वेळ हाच मुहूर्त.

जागाही मनाला येईल ती मिळत नाही. पार्कने काही ठिकाणं ठरवून दिलीत आणि लग्न फक्त तिथेच लागतं. स्प्रेग लेक सगळ्यात लोकप्रिय. तळ्याभोवतीची वाट सपाट आहे, व्हीलचेअर जाते, त्यामुळे आजी-आजोबा येणार असतील तर हीच जागा बघा. लिली लेकही तशीच सोपी, शिवाय ते हमरस्त्यालगत आहे. थ्री एम कर्व्ह म्हणजे रस्त्याकडेचा खडकाळ कठडा. माणसं मोजकीच मावतात, पण समोर १४,२५९ फुटांचं लाँग्ज पीक उभं असतं. थोडी जास्त मंडळी असतील तर मोरेन पार्कचं उघड्यावरचं ॲम्फिथिएटर आहे. पश्चिमेला ग्रँड लेक गावाच्या बाजूला गर्दी कमी असते, तिथे हार्बिसन मेडोज नावाचं कुरण आहे.

मग रीलमध्ये दिसतं ते ड्रीम लेक? ते ट्रेकच्या वाटेवर आहे आणि ठरवून दिलेल्या जागांत बसत नाही. अशा ठिकाणी जोडपी लग्न लागल्यावर फक्त फोटो काढायला जातात. रीलमध्ये दोन्ही एकत्र जोडलेलं असतं आणि आपल्याला वाटतं की लग्न तिथेच लागलं. पार्कची ही शिस्त कटकटीची वाटू शकते, पण मला ती योग्य वाटते. २०१९ मध्ये या पार्कला ४६ लाखांहून जास्त लोकांनी भेट दिली होती. त्यातल्या प्रत्येक हौशी जोडप्याने आपापला कोपरा शोधला असता तर कोपरेच उरले नसते. झाडांच्या रेषेच्या वर जी बुटकी, मखमली हिरवळ दिसते ना, तिला टुंड्रा म्हणतात. तिथली रोपं इतकी सावकाश वाढतात की पायाखाली तुडवलेला पट्टा भरून यायला कित्येक दशकं जातात.

फोटोग्राफरबद्दलचे नियम मधल्या काळात सैल झालेत. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या ‘एक्सप्लोर ॲक्ट’नुसार सहापेक्षा कमी माणसांच्या साध्या शूटिंगला वेगळं परमिट लागत नाही. पण लग्नाचं परमिट वेगळं, ते लागतंच. आणि ड्रोन अजिबात नाही. २०१४ पासून देशातल्या सगळ्या नॅशनल पार्कमध्ये ड्रोन उडवायला बंदी आहे. ‘ड्रोन शॉट घेऊन देतो’ असं कुणी म्हणालं तर तो फोटोग्राफर बदला.

अक्षता? नाही चालणार

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्यांना इथे पहिला धक्का बसतो. परमिटच्या अटींत तांदूळ उधळायला मनाई असते. त्यात आपल्या अक्षतांचं नाव नसतं, कारण त्यांच्याकडेही चर्चमधून बाहेर पडणाऱ्या जोडप्यावर तांदूळ टाकायची जुनी पद्धत आहे. तांदूळ, पक्ष्यांचे दाणे, फुलांच्या पाकळ्या, कागदी चुरा, फुगे, उडवायची कबुतरं, फुलपाखरं, सगळं बंद.

तांदूळ का नको? तांदूळ खाऊन पक्ष्यांचं पोट फुटतं, अशी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरते. ती खोटी आहे, पक्षी शेतातलं भात आरामात खातात. खरं कारण साधं आहे. पार्कमधल्या प्राण्यांना माणसाच्या खाण्याची सवय लागू द्यायची नाही, बाहेरचं बी-बियाणं आत येऊ द्यायचं नाही आणि मागे कचरा सोडायचा नाही. पन्नास लग्नांच्या अक्षता एकाच तळ्याकाठी पडल्या तर तिथल्या खारी पुढच्या वऱ्हाडाच्या पर्समध्येच शिरतील.

होमाचंही तेच. पार्कमध्ये आग फक्त कॅम्पग्राउंड आणि पिकनिकच्या ठरावीक लोखंडी चुलींत पेटवता येते, आणि उन्हाळ्यात कोरडं पडलं की त्यावरही बंदी येते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘ईस्ट ट्रबलसम’ नावाचा वणवा रॉकीजची मुख्य डोंगररांग ओलांडून पलीकडे गेला. ‘कॅमेरॉन पीक’ आणि हा, असे दोन वणवे मिळून पार्कचा सुमारे नऊ टक्के भाग जळाला. अजून ते काळे खांब उभे दिसतात. त्यामुळे ‘छोटंसं हवनकुंड, पाचच मिनिटं’ अशी विनंती करून स्वतःला अवघडात टाकू नका. समई किंवा निरांजन न्यायचं असेल तरी आधी विचारा.

स्पीकरवर मंगलाष्टकं लावता येत नाहीत, स्वतः म्हणायला कुणी अडवत नाही. एका अर्थी बरंच आहे, कारण मंगलाष्टकं म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते आणि तिला माईक मिळाला नाही तरच ती आटोपतं घेते. अंतरपाट धरायला दोन माणसं पुरतात. हार गळ्यात घाला, पण खाली पडलेली पाकळी वेचून परत न्यायची. मंडप, कमान, खुर्च्या याबद्दल जागेप्रमाणे नियम वेगळे आहेत, म्हणून सामान ठरवण्याआधी परमिट नीट वाचा. सप्तपदी, होम, अक्षता हे सगळं हवंच असेल तर सरळ एस्टेस पार्क गावातला हॉल घ्या किंवा घरी करा, आणि पार्कमध्ये फक्त अंगठ्या नि सह्या ठेवा.

एक फायदा मात्र नक्की आपला. खडकावर चढायला गाऊनपेक्षा नऊवारी कैक पटींनी सोयीची. फक्त पायात कोल्हापुरी नको, सकाळच्या दवात आणि बर्फावर ती घसरते.

डोंगर तारीख बघत नाही

कागद जमले, पण डोंगराचं काय? ज्या डेन्व्हर शहरात विमान उतरतं ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०९ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. म्हणजे विमानतळावर बॅग घेतानाच तुम्ही जवळपास महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर उभे असता. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत एस्टेस पार्क आहे, २,२९३ मीटरवर. आणि पार्कमधला ट्रेल रिज रोड ३,७१३ मीटरपर्यंत चढतो. तिथे एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. मुंबईहून किंवा न्यू जर्सीहून आलेल्या माणसाचं डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं हे सगळं होऊ शकतं. लग्नाच्या आधी निदान दोन रात्री गावात काढा, भरपूर पाणी प्या आणि शॅम्पेन नंतरसाठी ठेवा. पाहुण्यांत कुणाला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

विजेचा विषय याहून गंभीर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निळीशार असते आणि दुपारी एक-दोनच्या सुमाराला ढग जमून गडगडाट सुरू होतो. हे अधूनमधून होत नाही, जवळजवळ रोजचं आहे. जुलै २०१४ मध्ये ट्रेल रिज रोडच्या परिसरात सलग दोन दिवसांत वीज पडून दोघांचा जीव गेला. म्हणून पार्कचा सल्ला असा की दुपारपर्यंत झाडांच्या रेषेच्या खाली या. वर उघड्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता. लग्नाची वेळ मागताना सकाळची मागा. उजेडही सुंदर असतो, तळं शांत असतं आणि पार्किंग मिळतं. संध्याकाळच्या ‘गोल्डन अवर’साठी हट्ट धरणारे फोटोग्राफर भेटतील. जुलैत त्यांचं ऐकू नका.

मग जायचं कधी? जूनमध्ये उंचावर अजून बर्फ असतो. ट्रेल रिज रोड साधारण मे अखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतो. त्यामुळे हिवाळ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर लांबचा वळसा पडतो. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात मागणीचा, कारण ॲस्पेनची झाडं सोनेरी होतात. त्याच दिवसांत एल्क नावाच्या मोठ्या हरणांचा माजाचा काळ असतो. नर किंचाळल्यासारखी शिटी मारतात, आणि ऐन लग्नाच्या वेळी ती ऐकू आली तर व्हिडिओ अमर होतो. पण एल्कपासून निदान २३ मीटर आणि मूस किंवा अस्वलापासून ३६ मीटर लांब राहायचा नियम आहे. सेल्फीसाठी जवळ जाणाऱ्या पाहुण्याला आवरायची जबाबदारी तुमची. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी नसते, परमिटही सहज मिळतं, फक्त वारा असा असतो की शपथा कुणालाच ऐकू येत नाहीत.

गर्दीच्या महिन्यांत, म्हणजे मे अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गेली काही वर्षं पार्कमध्ये शिरायलाही वेळ राखून ठेवावी लागते. प्रवेश फी वेगळी. आणि १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांना ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा मोजावे लागतात. रॉकी माउंटन त्या यादीत आहे. भारतातून आई-बाबा, मामा-मामी येणार असतील तर हा आकडा बजेटमध्ये आधीच धरा.

‘आम्ही व्हिडिओ कॉलवर बघू’

भारतातले आई-बाबा येऊ शकत नसतील तर हे वाक्य येतंच. अडचण अशी की पार्कच्या बऱ्याचशा भागात मोबाईलला रेंज नाही. लाइव्ह दाखवायचं ठरवून इकडे सगळे नटून मोबाईलसमोर बसलेत आणि तिकडून काहीच येत नाहीये, असं व्हायला नको. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच सिमकार्डने करून बघा. जमत नसेल तर कागदावर सह्या करण्याचा कार्यक्रम गावात हॉटेलवर, वायफायसमोर ठेवा. वेळेचं गणित सोपं आहे. उन्हाळ्यात भारत कोलोरॅडोच्या साडेअकरा तास पुढे असतो. तिथे सकाळचे सात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा. दिवेलागणीची वेळ, सगळे घरात असतात.

आणि ज्यांनी घरी सांगितलेलंच नाही, त्यांनी परमिटच्या अर्जाआधी तो फोन करायचा की नाही हे ठरवावं. एकदा रील पडली की ती काकूंपर्यंत पोचायला परमिटइतका वेळ लागत नाही.

हे लग्न भारतात चालतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ज्या देशात लग्न झालं त्या देशाच्या कायद्याने ते वैध असलं पाहिजे, ही पहिली पायरी. कोलोरॅडोत स्वतः लावलेलं लग्नही तिथल्या कायद्याने पूर्ण वैध असतं. दोघांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असेल तर परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्याकडे अशा लग्नाची नोंदणी करायची तरतूद आहे.

गुंता होतो तो दोनदा लग्न करणाऱ्यांचा. आधी डोंगरात सह्या, मग सहा महिन्यांनी पुण्यात हॉल घेऊन थाटात लग्न आणि त्याची हिंदू विवाह कायद्याखाली वेगळी नोंदणी. हाताशी दोन सर्टिफिकेटं, दोन तारखा. व्हिसाच्या फॉर्मवर कुठली लिहायची? कायद्याने तुमचं लग्न पहिल्या तारखेलाच झालेलं आहे. पुण्यातला सोहळा मनसोक्त करा, पण दुसरी नोंदणी करण्याआधी वकिलाशी बोला. उलट बाजूने, एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हिंदू विवाह कायद्यात विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न सिद्ध होत नाही. म्हणजे डोंगरातल्या सह्यांच्या जोरावर इथे हिंदू विवाहाचा दाखला काढायचा शॉर्टकटही धोक्याचाच.

समलिंगी जोडप्यांसाठी चित्र आणखी वेगळं. २०१५ पासून अमेरिकेत सगळीकडे त्यांना लग्न करता येतं आणि पार्कचे नियमही सगळ्यांना सारखेच. भारतात मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही अशा लग्नाला कायदेशीर मान्यता नाही.

जोडीदाराचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड करायचं असेल तर आणखी एक गोष्ट. पाहुण्यांशिवाय केलेलं लग्न हा काही गुन्हा नाही, पण नातं खरं असल्याचे पुरावे मागितले जातात. तिथे तळ्याकाठचे फोटो थोडेफार कामाला येतात. दोघांच्या नावचा घराचा करार, एकत्र बँक खातं, आधीच्या प्रवासाची तिकिटं यांचं वजन जास्त.

आता शेवटचं काम, जे हनिमूनच्या नादात राहून जातं. लग्न लागलं की सही केलेलं लायसन्स ६३ दिवसांच्या आत ज्या काउंटीतून काढलं त्या क्लर्ककडे परत पोचवायचं असतं. ते त्यांच्या दप्तरी नोंदवलं गेल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती मिळतात. एकच मागू नका, तीन-चार घ्या. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालायला एक, व्हिसाला एक, बँकेला एक. भारतात वापरायची प्रत कोलोरॅडोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट ऑफिसातून अपोस्टील करून घ्यायची. भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे, त्यामुळे त्या शिक्क्यानंतर पुन्हा दूतावासाचा शिक्का लागत नाही. मूळ लायसन्सवर कुत्र्याचा पंजा उमटवला असेल तर तो या सगळ्या प्रतींवरही येणार, आणि पासपोर्ट ऑफिसच्या खिडकीवर त्याचा खुलासा तुम्हालाच करावा लागेल.